कुंडीतला वड आणि खान्देशचं ऊन

नशिराबादहून बोलतेय. माझ्या ओट्यावरच्या कुंड्या पाहून आपल्या गटातल्या बाया गेलं वर्षभर विचारताहेत, रेडिओच्या ताईंनीही आग्रह धरला, म्हणून आज बोन्सायबद्दल सांगते. ज्यांनी कधी एकही रोप कुंडीत लावलेलं नाही त्यांच्यासाठीच हे बोलणं आहे. ज्यांना येतं त्यांनी ऐकताना निवडटिपण केलं तरी चालेल.

सगळ्यात आधी त्या प्रश्नाचं बोलू, जो हमखास विचारला जातो. एक मावशी माझ्या कुंडीतला वड बघून तोंडावरच म्हणाल्या, "एवढं मोठं व्हायचं झाड, त्याला तू परातीत कोंडलंस. त्याचा तळतळाट नाही का लागत?" मावशींचा प्रश्न खोटा नाही. कुणा बाईला शिकू दिलं नाही, पुढं जाऊ दिलं नाही, की भाषणात म्हणतातच ना, "तिचं बोन्साय करून टाकलं." त्यामुळे बोन्साय म्हटलं की उपाशी ठेवून खुंटवलेलं झाड, असंच डोळ्यापुढं येतं.

आता मला सांगा, हरभऱ्याची भाजी तुम्ही कशी खुडता? रोप वीतभर झालं की शेंडे खुडायचे. त्यानं हरभरा मरतो का? उलट बाजूनं फांद्या फुटतात, झाड पसरट होतं, घाटे जास्त धरतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो तेव्हाही तेच. बोन्सायमध्ये मुख्य काम एवढंच आहे: वरचा शेंडा खुडायचा आणि एक-दोन वर्षांनी कुंडीतून काढून मुळं थोडी कापायची. उपाशी ठेवायचं नसतं. उपाशी ठेवलेलं झाड लहान राहत नाही, ते मरतं. बोन्साय ही झाडाची वेगळी जातही नाही. त्याच वडाची फांदी उद्या जमिनीत लावली तर पारंब्या सोडून वाड्याएवढा वड होईल. बांधावरची बोर पाहिली आहे ना? शेळ्या येता-जाता कुरतडतात, म्हणून गुडघ्याएवढीच राहते, पण बुंधा मनगटाएवढा जाड. ते शेळ्यांनी केलेलं बोन्सायच.

मावशींच्या बोलण्यातलं एक मात्र मी मानते. जमिनीतल्या वडाला कुणी पाणी घालत नाही, तो आपलं आपण बघून घेतो. परातीतला वड तुमच्यावर अवलंबून असतो. मे महिन्यात एक दिवस पाणी चुकलं तर तो जाऊ शकतो. ज्या घरात रोज पाणी घालायला माणूस नाही, तिथं बोन्साय आणू नये. बाईला बोन्साय म्हणणाऱ्यांनी बहुधा बोन्साय पाळलेलं नसतं. पाळणारी बाई सकाळी उठल्यावर चहाच्या आधी त्याची चौकशी करते.

ही विद्या मूळची चीनमधली, जपानी लोकांनी ती जोपासली. बोन्साय म्हणजे पसरट भांड्यात लावलेलं झाड, शब्दाचा अर्थ एवढा साधा आहे. जपानमध्ये हिरोशिमा शहरात यामाकी नावाच्या घराण्याकडे एक पाइनचं, म्हणजे देवदारासारख्या सुईच्या पानांचं झाड होतं. ते १६२५ सालापासून कुंडीत वाढवलेलं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा त्यांचं घर तिथून तीन किलोमीटरच्या आसपास होतं. बागेच्या भिंतीमागे झाड वाचलं. १९७६ साली त्या घराण्यानं ते अमेरिकेला भेट दिलं आणि आज ते वॉशिंग्टनच्या सरकारी बागेत आहे. चारशे वर्षं. म्हणजे चारशे वर्षं रोज कुणीतरी त्याला पाणी घातलंय. इतकं लांब कशाला, आपल्या पुण्यात प्राजक्ता काळे यांनी २०१८ च्या फेब्रुवारीत एकाच ठिकाणी ३,३३३ बोन्साय मांडले होते. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हा महाराष्ट्रात हे जमत नाही, असं म्हणायला जागा नाही. पण पुण्याचं हवामान वेगळं आणि आपलं वेगळं. पुस्तकात किंवा मोबाइलवर जे सांगतात ते बहुतेक थंड नाहीतर दमट गावांचं असतं. जळगाव-भुसावळचा मे महिना त्यांना माहीत नाही. म्हणून मी आपल्याकडचं सांगते.

झाड कुठून आणायचं? विकत आणू नका. निदान पहिलं तरी नको. आखाजी झाली, आता वटपौर्णिमा आली जवळ. त्या दिवशी बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग विकायला येतात. झाडं ओरबाडून आणलेल्या असतात त्या, मला ते बघवत नाही, पण आणलेल्या असतात हे खरं. पूजा झाली की संध्याकाळी त्या उकिरड्यावर. त्यातली अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब फांदी उचला. पानं काढून टाका, वरची एक-दोन ठेवली तर ती अर्धी कापा. खालचा काप स्वच्छ तिरका घ्या, चीक गळेल तो पुसा आणि सावलीत तासभर सुकू द्या. मग डब्यात ओल्या रेतीत तिसरा हिस्सा आत जाईल अशी रोवा. पाऊस सुरू झालेला असतो, हवा दमट असते, वडाला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. पाच रोवल्या तर पाचही फुटतील असं नाही, म्हणून पाच रोवा. पालवी दिसली म्हणून लगेच उपटून मुळं बघायची नाहीत. लहान पोरांना विशेष सांगून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या भिंती. नशिराबादच्या कुठल्याही जुन्या बोळात बघा, भिंतीच्या फटीतून, विहिरीच्या काठातून पिंपळ, उंबर, वड उगवलेले असतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं. घरमालक तसंही ते तोडणारच असतो, कारण मुळं भिंत फोडतात. त्याला विचारून, पाऊस पडून भिंत भिजल्यावर, मुळाशी थोडी माती-चुना आला तरी चालेल असं हळूच काढा. या रोपांचा बुंधा आधीच वाकडा-तिकडा, जुनाट दिसणारा असतो. नर्सरीवाले त्यासाठी पैसे मोजतात. पिंपळ कापायला, वाकवायला ज्यांचं मन होत नाही त्यांनी पिंपळ घेऊ नये. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही, झाडं पुष्कळ आहेत. शेताच्या बांधावरची बोर, चिंचेचं रोपही चालतं, मालकाला विचारून. जंगलखात्याच्या जमिनीतून मात्र काही उपटून आणायचं नाही.

वडाचं पान मोठं असतं. लहान कुंडीत, भरपूर उजेडात ते हळूहळू लहान होतं, पण चिंचेएवढं कधीच होणार नाही. बारीक पान हवं तर चिंच, नांद्रुक किंवा कुंती घ्या. नर्सरीत जेड म्हणून एक रोप मिळतं, जाड गोल पानांचं, लालसर देठाचं. ज्यांना पाणी घालायचं अधूनमधून राहून जातं त्यांच्यासाठी ते बरं. त्याला पाणी जास्त झालं तर ते सडतं, एवढंच लक्षात ठेवायचं. डाळिंब लावणार असाल तर पान आणि फांदी लहान होते, डाळिंब मात्र नेहमीएवढंच येतं. फळ आणि फूल आकारानं लहान होत नाही. वीतभर झाडाला मोठं डाळिंब लटकलेलं बघून सासूबाईंना हसू आवरलं नव्हतं.

आता मातीचं. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडची बहुतेक झाडं इथंच जातात. आपली काळी माती कापसाला सोनं आहे, उथळ कुंडीला विष आहे. भिजली की फुगते, चिकट होते, मुळाला हवा मिळत नाही. सुकली की आवळते, भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. शेतात भेग पडली तर खाली ओल असते. चार बोटं खोल कुंडीत खाली काय असणार? म्हणून बोन्सायला काळी माती घालायचीच नाही.

घालायचा विटेचा चुरा. पडक्या घराच्या, भट्टीवरच्या फुटक्या विटा फुकट मिळतात. पण वीट पक्की भाजलेली हवी. तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी बोटानं चुरडला आणि गाळ झाला तर ती वीट कच्ची, टाकून द्या. पक्क्या विटा फोडून दोन चाळण्यांतून चाळायच्या. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठं वर राहील ते परत फोडा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक खाली पडेल ते घेऊ नका. ती पूड कुंडीत गेली की परत चिखलच. मधला माल आपला. असा दोन भाग चुरा, एक भाग जाड रेती धुऊन, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. ताजं शेण नाही. पाणी ओतलं तर ते लगेच खालून निघालं पाहिजे, आणि तरी विटेच्या तुकड्यात ओल धरून राहिली पाहिजे. माठ पाणी कसा धरतो, तसंच ते.

भांडं कसलंही चालतं. फुटकं घमेलं, तेलाचा अर्धा कापलेला डबा, जुनी प्लॅस्टिकची पाटी. तळाला भोकं मात्र हवीत, एक नाही, चार-पाच. भोकावर डासांच्या जाळीचा तुकडा ठेवा. गावात कुंभार असेल तर त्याला सांगा, परातीसारखी, चार-पाच बोटं खोल, खाली पाय असलेली आणि तळाला दोन मोठी भोकं असलेली कुंडी करून दे. पण हे उथळ भांडं पहिल्या दिवशी नको. सगळ्यांना घाई असते ती इथंच. रोप लहान, भांडं उथळ, की बुंधा काडीसारखाच राहतो. आधी दोन-तीन वर्षं झाडाला मोठ्या डब्यात किंवा अंगणात जमिनीत मोकळं वाढू द्या. बुंधा जाड होतो तो मोकळं वाढल्यानंच. मग वरून कापायचं, मुळं कमी करायची आणि उथळ कुंडीत आणायचं. मुळं कापायची ती पाऊस नीट लागल्यावर, जूनअखेर किंवा जुलैत, आणि एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. नंतर दोन-तीन आठवडे सावलीत.

आकार द्यायचं शास्त्र मोठं आहे. त्यात आज शिरत नाही. सुरुवातीला दोनच गोष्टी करा. नवीन फांदीला सहा-सात पानं आली की दोन-तीन ठेवून पुढचं खुडा. आणि फांदी खाली वळवायची असेल तर सुतळीनं कुंडीच्या कडेला हलकेच बांधा. तारच वापरायची म्हणाल तर तांब्याची किंवा अल्युमिनियमची. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जुनी तांब्याची तार भंगारात मिळते. वरचं प्लॅस्टिक हातानं सोलून काढा, जाळून काढू नका, तो धूर वाईट. मग नुसती तार चुलीत लाल होऊ द्या आणि थंड करा, मऊ पडते. गुंडाळल्यावर पावसाळ्यात दर आठवड्याला बघायचं. झाड भराभर जाड होतं आणि तार सालीत रुतते. काढताना उलगडायची नाही, तुकडे करून काढायची. वड-पिंपळाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. हात धुतल्याशिवाय लेकरू कडेवर घेऊ नका.

झाड घरात ठेवायचं नाही. टीव्हीशेजारी, शोकेसवर, देवघरात छान दिसतं खरं, पण ते उघड्यावरचं झाड आहे. पाहुणे येणार असले तर दोन दिवस आत आणा आणि परत बाहेर न्या.

आता आपलं ऊन. मार्चच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंतचे अडीच महिने जी बाई झाड जगवते तिला बोन्साय आलं. बाकी वाकवणं-कापणं मागाहून शिकता येतं. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो, दुपारी झळा येतात. जमिनीतल्या झाडाची मुळं थंड असतात. कुंडीतल्या झाडाची मुळंच भाजतात. गच्चीच्या स्लॅबवर किंवा पत्र्यावर कुंडी ठेवली तर खालून तवा आणि वरून ऊन. म्हणून एप्रिल लागला की कुंडी गच्चीवरून खाली आणायची. घराच्या पूर्वेला, जिथं सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं ऊन मिळतं आणि पुढं भिंतीची सावली येते. निंबाखाली जागा असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर हिरवी नेट नाहीतर जुनं लुगडं बांधा. कुंडी नुसत्या फरशीवर ठेवू नका. तगारीत रेती भरा, ती ओली ठेवा आणि दोन विटांवर कुंडी ठेवा, म्हणजे ती रेतीच्या वर राहील. कुंडीभोवती ओलं बारदान गुंडाळलं तर आणखी चांगलं.

पाणी सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर, दोनदा. खालून निघेपर्यंत घालायचं. एका कुंडीला वेळेला तांब्या-दीड तांब्या लागतो, जास्त नाही. ज्या घरी नळाला दिवसाआड पाणी, तिथं हेही जड जातं, मला ठाऊक आहे. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं आणि मिठाचं नको. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो तो त्यामुळेच. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पिंपात साठवून अधूनमधून भरपूर घातलं की तो क्षार धुऊन जातो. हिवाळ्यात बोट रोवून बघा, पेरभर खाली ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नको. खतही उन्हाळ्यात नको. पाऊस लागला की महिन्यातून एकदा चिमूटभर निंबोळी पेंड किंवा पातळ शेणकाला पुरतो. पानांखाली पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर कापूस वेचणाऱ्या बाईला मी काय सांगू, साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसून काढा.

आणि याच अडीच महिन्यांत आखाजी येते. लग्नंही तेव्हाच. आपण माहेरी जातो, चार-आठ दिवस राहतो, झोका खेळतो, आणि इकडे झाडाला पाणी कोण घालणार? घरातल्या माणसांना सांगून ठेवलं तर ती "हो" म्हणतात. तेवढ्यावर विसंबून मी जात नाही. निघायच्या आदल्या दिवशी झाडाखाली सावलीत खड्डा करायचा, कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरायची, भोवतीची माती चिंब भिजवायची आणि वर पाचट नाहीतर उसाची चिपाडं पसरायची. शेजारी पाण्यानं भरलेला माठ ठेवून त्यातून सुती चिंधीची वात कुंडीत सोडायची. दोन-तीन दिवस निघतात. त्यापेक्षा जास्त राहायचं असेल तर शेजारणीकडे नेऊन द्या. आमच्या गटात आता तशी रीतच पडली आहे. जी माहेरी जात नाही तिच्या अंगणात सगळ्यांच्या कुंड्या. तिच्या आखाजीच्या सांजोऱ्या मग आमच्याकडून.

शेवटी पैशाचं. हा विषय टाळता येत नाही, कारण गटात बोन्साय म्हटलं की दुसरा प्रश्न तोच असतो. फोनवर एक बातमी फिरते: बोन्सायची शेती करा, रोपामागे १२० रुपये सरकारी अनुदान, लाखोंची कमाई. ते अनुदान बांबूचं आहे मैत्रिणींनो. राष्ट्रीय बांबू अभियानातलं, बांबू लागवडीचं. कुणीतरी बांबूचं बोन्साय केलं आणि बातमी सगळीकडे गेली. खात्री करायची तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन विचारा. तशीच दुसरी गोष्ट: "आमच्याकडून रोपं घ्या, तुम्ही वाढवा, आम्ही परत विकत घेऊ" असं सांगत कुणी आलं, तर गटाच्या खात्यातला एक रुपयाही काढू नका. वडाची फांदी रोवल्यापासून विकण्याजोगं झाड व्हायला पाच-सात वर्षं लागतात, आणि गटाच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला असतो. ते गणित बसत नाही. फुटलेल्या फांद्यांची, जेडच्या काड्यांची साधी रोपं करून नर्सरीला किंवा आठवडे बाजारात विकता येतात. त्याचे थोडे पैसे लवकर हातात येतात. कर्ज न काढता, घरच्या डब्यांत जेवढी होतील तेवढीच करायची.

वटपौर्णिमेला अजून थोडे दिवस आहेत. विटा आत्ताच फोडून, चाळून, पोत्यात भरून घराच्या आत ठेवा. पाऊस लागला की ओला चुरा चाळणीतून पडत नाही.